थंडीनं पीक 'करपतं' की 'गारठतं'?

रानवाट: पशुपालकांसाठी चारापिकांवरची घडीपत्रिका मराठीत करतेय. मुद्दा असा: थंडीत रोपाची साखर बनवणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात, पण पानं ऊन शोषतच राहतात. जादा ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पेशींची पटलं बिघडतात. मी 'ऑक्सिडीकरणाचा ताण' लिहिलं. संपादक म्हणतात, कुणी वाचणार नाही. सोपा शब्द सुचवा.

गोदाकाठ: आमच्या निफाडकडे 'थंडीनं मका करपला' म्हणतात. पारा 5-6 अंशांवर उतरला आणि सकाळी लख्ख ऊन पडलं, की कोवळी पानं पांढुरकी होतात. 'करपणं' घ्या.

मात्रावेलांटी: करपायला आच लागते. थंडीनं पीक गारठतं, आखडतं.

गोदाकाठ: ज्वलन म्हणजे ऑक्सिडीकरणच ना? मग शेतकऱ्याचा शब्द नेमका बसतो.

बांधावरून: पण 'करपा' हा रोग आहे. 'करपली' वाचून माणूस बुरशीनाशक आणेल. इथे बुरशी नाहीच, रोप स्वतःच झुंजतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर, जे मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी 1969 साली दाखवलं, ते सुपरऑक्साइडचं, म्हणजे ऑक्सिजनच्या एका घातक रूपाचं, हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटलेज आणि ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. यांना 'राखणदार विकरं' म्हणा. 'अँटिऑक्सिडंट' तसाच ठेवा, ग्रीन टीच्या डब्यावर सगळ्यांनी वाचलाय.

मात्रावेलांटी: डब्यावर छापला म्हणून मराठी झाला? 'ऑक्सिडीकरण', 'क्षपण' शाळेत शिकवतात. 'प्रतिऑक्सिडीकारक' लिहा, वापरला की रुळतो.

रानवाट: 'राखणदार' आवडला. पण क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन ही विकरं नाहीत, त्यांना काय म्हणू? मक्याची पानं थंडीत जांभळी होतात, तो रंगही राखणीतलाच मानतात.

गोदाकाठ: पान जांभळं पडलं की आम्ही स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं म्हणतो.

बांधावरून: तेही खरं. गार मातीत मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत, जमिनीत असलं तरी.

ओवीकार: पत्रिकेत लसूणघास आहे का? तिला लसणाचा वास कुठे असतो? माझ्या मते 'लुसर्न' या तिच्या इंग्रजी नावाचंच लोकांनी 'लसूण' केलं.

मात्रावेलांटी: पुरावा?

ओवीकार: कानाला ऐका. कंदिलाचं तसंच झालं, 'कँडल'वरून.

मात्रावेलांटी: 'कंदील' अरबी 'किंदील'वरून आलाय. इंग्रजांच्या कितीतरी आधी.

गोठा: आमच्याकडे लसूणघासाला मेथीघासच म्हणतात. पानं तीन-तीनच्या जुडीत, अगदी मेथीसारखी.

रानवाट: लसूणघास आहे, बरसीमही आहे. मेथीघास लिहिलं तर विदर्भात कळेल का?