भिलार गाव नक्की कशावर चालतं? पुस्तकं की स्ट्रॉबेरी?

रानवाटा:
महाबळेश्वरला जाताना पाचगणी सोडल्यावर थोड्याच वेळात भिलार लागतं, पुस्तकांचं गाव म्हणून बोर्ड वगैरे आहेत. मुलीला शाळेचा प्रोजेक्ट आहे, एका लहान गावाचा भूगोल, इतिहास आणि लोकांचं उत्पन्न. नेटवर बघावं तर सगळीकडे पुस्तकंच. पण तिथली पुस्तकं विकायला नाहीत ना, फुकट बसून वाचायची, मग गावाचं पोट कशावर भरतं?

घाटमाथा:
स्ट्रॉबेरी. पुस्तकं आली ४ मे २०१७ ला, वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सरकारने कल्पना उचलली आणि लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या, ओसऱ्या वाचायला उघडून दिल्या, हे भारीच आहे, पण शेती त्याच्या कितीतरी आधीची. आणि प्रोजेक्टमध्ये भूगोल पावसापासून सुरू करा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस, पाचगणीला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, आणि भिलार या दोघांच्या मधे. जांभ्याची लाल माती, पाणी धरून ठेवत नाही, म्हणून एवढ्या पावसाच्या मुलखातही पीक ठिबकवर.

लालमाती:
वरच्यांना +१. पावसाळ्यात वर स्ट्रॉबेरीचं रोप टिकत नाही, कुजतं. म्हणून परदेशातून आणलेली मदर प्लांट म्हणजे मूळ रोपं खाली वाईकडे कमी पावसात लावतात, त्यांना रनर फुटतात म्हणजे वेलासारखे धुमारे, त्याची रोपं करून सप्टेंबर-ऑक्टोबरात वर गादीवाफ्यावर मल्चिंगच्या, म्हणजे माती झाकायच्या, कागदाला भोकं पाडून लावायची. डिसेंबरपासून तोडणी. सुरुवातीचा मोठा माल डब्यांत भरून मुंबई-पुण्याला जातो, मार्चनंतर ऊन वाढलं की फळ बारीक होतं आणि तो जॅम-सिरपवाल्यांकडे, तिथे भाव अर्थातच पडतो. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तेही लिहा.

चहाबाज:
इतिहासात भिलारे गुरुजी विसरू नका, स्वातंत्र्यसैनिक, नंतर आमदार. १९४४ ला पाचगणीत गांधीजींवर धावून गेलेल्या नथुराम गोडसेला आपण अडवलं असं ते सांगायचे. त्यावर वाद आहेत त्यामुळे "असं ते सांगत" एवढंच लिहा, मास्तर खूश.
बाकी पुस्तकांनी काहीच मिळत नाही हे मला पटत नाही. पूर्वी गाड्या थेट महाबळेश्वरला पळायच्या, आता काही थांबतात, मग कोणी जेवतं, कोणी मुक्काम करतं, जाताना स्ट्रॉबेरी घेतं.

रानवाटा:
वा, एवढं कुठेच नव्हतं. जून सुट्टीत गेलो तर शेतं बघायला मिळतील का?

लालमाती:
जूनमध्ये बघायला काही नाही, वाफे रिकामे आणि नुसतं धुकं. जानेवारी-फेब्रुवारीत जा, आणि तोडणी बघायची असेल तर सकाळी लवकर, उन्हं चढली की फळ मऊ पडतं म्हणून काम लवकर उरकतात. पुस्तकं काय, दुपारीही वाचता येतात.