'देवाला गौरव' की 'देवाचा गौरव'?

खिळेजुळारी: गिरगावात डीटीपी करतो. एका चर्चची पत्रिका आलीय, त्यात ओळ आहे: 'आमच्या तारणाचं सारं गौरव देवाला.' मी 'सारा गौरव देवाचा' केलं. प्रूफ परत आलं, लाल शाईत पुन्हा 'ला'. गौरव करतात ना? देतात कुठे?

शुद्धमती: तुमचंच बरोबर. गौरव करायचा असतो, शाल-श्रीफळ देऊन. शिवाय तो पुल्लिंगी. ही भाषांतरातली मराठी.

माहीमकरीण: शाल-श्रीफळ सभागृहात ठेवा. आमच्याकडे चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की 'सर्व गौरव देवाला' येतंच, आणि ते विचार करून येतं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. तारण, म्हणजे उद्धार, कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान, कर्मांची कमाई नव्हे, म्हणजे कोणाला फुशारकी मारायला जागाच नको. 'मी देवाचा गौरव केला' म्हटलं की करणारा पुन्हा मीच. 'देवाला' म्हटलं की ज्याचं त्याला गेलं.

शुद्धमती: मग सरळ 'श्रेय' म्हणा.

माहीमकरीण: श्रेय वाटून घेता येतं. नाटकाच्या श्रेयनामावलीत पडदा ओढणाराही असतो.

वजनकाटा: गंमत बघा, 'गौरव' आला 'गुरु'वरून, म्हणजे जड. बायबलमध्ये गौरवासाठी येणाऱ्या हिब्रू 'कावोद'च्या मुळाशीही वजनच. शब्द निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी. आणि संस्कृतात गौरव नपुंसकलिंगीच आहे, शुद्धमती.

शुद्धमती: संस्कृतात 'मित्र'ही नपुंसकलिंगी. म्हणून 'माझं मित्र आलं' म्हणू?

वसईचा_पोर: 'भाषांतरातली मराठी' खटकलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. त्यांचे अभंग कोणत्या भाषेतून भाषांतरित आहेत, तेही सांगा. बाकी माहीमकरीणबाई, लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायातला जकातदार लांब उभा राहून, छाती पिटत एक वाक्य बोलला आणि घरी गेला. आपल्या साक्षी अर्धा-अर्धा तास चालतात, त्यात पंचवीस मिनिटं 'मी किती नालायक होतो' याचीच. ते 'देवाला' कधी येतं कोण जाणे.

माहीमकरीण: तुमच्या पॅरिशमध्ये असेल.

निवृत्त_रोखपाल: मला मूळ अडचण 'तारण' या शब्दाचीच वाटते. आम्ही जन्मभर सोनं तारण ठेवून घेतलं.

वजनकाटा: धातू एकच, तॄ, तरून जाणे. तिकडे माणूस बुडू नये, इकडे कर्ज.

शुद्धमती: ही व्युत्पत्ती तुम्ही आत्ता तयार केलीत. 'मोक्ष' काय वाईट होता?

वसईचा_पोर: मोक्षात जन्ममरणाचा फेरा येतो, इथे तो नाहीच. पापातून सोडवणूक आहे.

निवृत्त_रोखपाल: 'सोडवणूक'सुद्धा गहाणाचीच की हो!

माहीमकरीण: मग मार्कमधल्या 'खंडणी'चं काय करणार? ख्रिस्ताने आपला जीव खंडणी म्हणून दिला, असं आम्ही बिनदिक्कत वाचतो.

निवृत्त_रोखपाल: मुंबईत खंडणी देतात ती वेगळी. त्यासाठी नवा धागा काढा.