'सायलेन्स्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम: छोट्या गावांतल्या वृत्तपत्रांवर येणाऱ्या दबावाबद्दलचा एक लेख भाषांतर करतेय. त्यात अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या मॅरियन काउंटी रेकॉर्ड या साप्ताहिकाची गोष्ट आहे. ११ ऑगस्ट २०२३ ला पोलिसांनी त्यांच्या ऑफिसवर आणि मालकांच्या घरावर छापा टाकला, कॉम्प्युटर, फोन सगळं उचलून नेलं, घरी ९८ वर्षांच्या सहमालक जोन मायर होत्या, त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. तरी स्टाफने जागून अंक वेळेवर काढला आणि पहिल्या पानावर भलामोठा मथळा दिला, 'सीझ्ड... बट नॉट सायलेन्स्ड'. अडलंय ते इथे. दोन्ही शब्द 'स'चे, ती गंमत आणायची कशी? मी 'जप्ती आली, मुस्कटदाबी नाही झाली' केलं होतं, पण ते तोंडात खडे आल्यासारखं वाटतं.

शाईचा डाग: 'जप्त, पण गप्प नाही.' घ्या.

अर्धविराम: अरे वा! दोन मिनिटांत? मी चार दिवस डोकं आपटतेय.

शुद्धमती: 'जप्त' अरबी, 'गप्प' फारसी. मराठी मथळ्यात मराठी उरलं काय, 'पण' आणि 'नाही'? त्यापेक्षा 'हिरावले, पण हरलो नाही' घ्या. अनुप्रासही आहे.

शाईचा डाग: आणि बोलण्याचं काय? हरण्याजिंकण्याचा प्रश्नच नाहीये तिथे. शिवाय १८७८ च्या देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या कायद्यातून सुटायला अमृत बझार पत्रिका रातोरात इंग्रजी झाली होती, तेव्हा शुद्धता बघत बसले असते तर पेपर संपला असता.

जुना प्रूफरीडर: 'गप्प' फारसी कसा? फारसीत गप म्हणजे बोलणं, त्या आपल्या 'गप्पा'. गप्प बसणं म्हणजे तोंड मिटताना 'गप्' असा आवाज येतो ना, तो. हे माझं मत, पुरावा मागू नये. आमची आजी 'गप गुमान बस' म्हणायची, तेव्हा खरंच तसा आवाज यायचा.

शुद्धमती: मग एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे काय झाले?

जुना प्रूफरीडर: एक शब्द नाहीच मुळी, तेच तर सांगतोय!

गावचा वार्ताहर: आवाजाचं राहू द्या काका. ताई, 'सायलेन्स्ड' म्हणजे दुसऱ्याने गप्प केलं. 'गप्प नाही' म्हणजे आम्ही स्वतः बोलतोय. यात फरक आहे आणि तो मला चांगला माहितीय. रस्त्याच्या कामाच्या ठेक्याची बातमी लावली होती मी, तर अब्रूनुकसानीची तीन पानी वकिली नोटीस आली. मालक म्हणाले, "छापू नको असं मी म्हणत नाही, पण तारखांना तूच जायचं." पुढचा भाग मग मी स्वतःच वहीत ठेवला. अजून वहीतच आहे, निळ्या शाईत, मथळ्यासकट. याला मुस्कटदाबी कशी म्हणू, मुस्कट दाबायला हात कुणाचाच नव्हता.

तारीख पे तारीख: कोर्टात याला चिलिंग इफेक्ट म्हणतात. श्रेया सिंघल खटल्यात, २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं, त्या निकालातही हा मुद्दा आहे. शिक्षा व्हायची गरजच नाही, होईल या भीतीनेच माणूस हात आखडतो. मराठी शब्द मात्र मला आजवर पटलेला नाही.

शाईचा डाग: 'शीतकरण परिणाम' म्हणा, फ्रीजची जाहिरात वाटेल.

अर्धविराम: 'वचक' कसा वाटतो?

गावचा वार्ताहर: वचक त्यांचा बसतो, धसका आपण घेतो. मी धसका घेतला होता. 'वचक' म्हटलं की समोरचा जरा रुबाबदारच वाटायला लागतो.

तारीख पे तारीख: 'धसका' उत्तम. पण अर्धविराम, तुम्ही 'छापा' लिहिलंय, वॉरंट होतं ना? मग 'झडती' हवं.

शाईचा डाग: पुरावा अपुरा म्हणून सरकारी वकिलांनीच ते वॉरंट मागे घेतलं, १६ ऑगस्टला, म्हणजे अंक निघाला त्याच दिवशी. झडती म्हटलं की सगळं रीतसर वाटतं. 'धाड' लिहा.

शुद्धमती: धाड दरोडेखोरांची असते.

शाईचा डाग: मग?

जुना प्रूफरीडर: 'छापा'च ठेवा हो. छापणाऱ्यांवर छापा, हे मराठीला झकास जमतं. आणि गप्पमध्ये 'प्प' आहे, ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाही. करून बघा.

अर्धविराम: केलं. पण मंडळी, मथळा अजून ठरलेला नाही आणि उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

शुद्धमती: 'डेडलाइन' लिहिलं नाहीत, आभार.

जुना प्रूफरीडर: 'मजकूर' अरबी आहे बरं का.