मेडिकेअर कधी घेतलंत? अनुभव लिहा

अमेरिकेत आपल्यातली बरीच मंडळी आता पासष्टीला टेकली आहेत, म्हणजे मेडिकेअरच्या, इथल्या सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याच्या, वयाची झाली आहेत. वाढदिवसाचा महिना, आधीचे तीन नि नंतरचे तीन असे सात महिने नाव नोंदवायला मिळतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पासष्टीनंतरही नोकरी करणाऱ्यांचा. आमचाच सांगते.

हे 30 जून 2023 ला, 67व्या वर्षी निवृत्त झाले. कंपनीने कोब्राचे, म्हणजे नोकरी सुटल्यावरही हप्ता स्वतः भरून कंपनीचाच विमा चालू ठेवायचे, कागद दिले. दीड वर्ष तोच विमा, म्हणून निर्धास्त राहिलो. नोकरी सुटल्यापासून आठ महिन्यांत पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) घ्यायचं असतं आणि कोब्रा त्यात धरत नाहीत, हे कुणी बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं नि विमा कंपनीचं पत्र आलं: मेडिकेअरने आधी द्यायला हवं होतं, आम्ही फक्त उरलेलं देऊ. ते पत्र हातात घेऊन हे कितीतरी वेळ जिन्यावरच बसून होते. अर्ज थेट जानेवारीत करता आला, फेब्रुवारीपासून पार्ट बी लागू झालं, आणि हप्त्यावर 10 टक्के दंड जन्माचा लागला.

तुमच्याकडे काय झालं, जरूर लिहा. कुणाचा तरी दंड वाचेल.

*

ताई, वाचून वाईट वाटलं. मी 68 पर्यंत नोकरी केली. पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) घेतलं ते मागचे सहा महिने धरून लागू झालं, आणि त्या काळात हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये (उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवायच्या खात्यात) भरलेले पैसे जादा ठरले. काढून घ्यावे लागले. अर्जाच्या सहा महिने आधीच भरणं थांबवा.

*

आमच्या ऑफिसात बाराच माणसं. वीसपेक्षा कमी असली की कंपनीचा विमा असूनही आधी मेडिकेअरच पैसे देतं, म्हणून पासष्टीलाच घेतलं.

*

आई ग्रीन कार्डवर आली तेव्हा 66 ची होती. सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय तिला घेता येत नव्हतं. माझ्या नोकरीचा तिला उपयोग नाही, त्यामुळे पार्ट एलाही हप्ता. त्या पाच वर्षांत ती नुसती खोकली तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

*

गुरुजींनी शाळेत 1 जून जन्मतारीख लावलेले आपल्यात पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. एक तारखेचा वाढदिवस असला की मेडिकेअर महिनाभर आधी, म्हणजे 1 मेपासून मिळतं. सात महिनेही फेब्रुवारीपासूनच मोजा, मार्चपासून नाही.