नागीण: तुमचे अनुभव आणि कानावर पडलेल्या समजुती

रानजाई: शेजारच्या काकूंच्या पाठीवर नागीण उठलीय. त्यांच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न, "तोंड-शेपूट जुळलं नाही ना गं?" आईच्या वेळचं सगळं डोळ्यांपुढे आलं. आधी नुसती बरगडीखाली आग, ईसीजीसुद्धा काढून झाला, मग पुरळ. पोलक्याचा काठ टेकला तरी कळवळायची. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण विळखा कुठवर आला ते बघायचा. रात्री आई हातात आरसा धरून स्वतःची पाठ बघत बसायची. दुखण्यापेक्षा ही भीती वाईट होती.

कांजिण्या होऊन गेल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच नसेवाटे कातडीवर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूला पसरते, म्हणून पुरळ बहुधा मधल्या रेषेशी थांबतं. क्वचित दोन्हीकडे आलंच, तरी टोकं जुळली म्हणून माणूस जात नाही. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

आंबेमोहर: बाबांना कपाळावर आली होती. नाकाच्या शेंड्यावर एक फोड दिसला, तशा त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता डोळे दाखवा. शेंड्याकडे आणि डोळ्याकडे एकाच नसेच्या फांद्या जातात म्हणे. डोळा वाचला.

सातबारा: आमच्याकडे गेरूच. वर मंतरलेलं पाणी. आज्जीचा लेप वाळून फोडांसकट निघाला, पू झाला. पुरळ दोन-चार आठवड्यांत आपलं आपण सुकतं, नारळ मात्र मांत्रिकाला. आणि कळ राहिली ती राहिलीच. पंख्याचा वारा लागला तरी आज्जी पदर घट्ट ओढून घ्यायची.

कडीपत्ता: कुकर लावलाय, घाईत लिहिते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात, एसायक्लोविर नाहीतर व्हॅलासायक्लोविर. उतरवून घेण्यात हेच दिवस जातात!! @सातबारा, मागे राहणाऱ्या कळेवर वेगळी औषधं असतात, प्रेगाबालिन वगैरे. म्हातारपण म्हणून सोसायला लावू नका कुणाला.

मोगरा_७: मला सातवा महिना आहे आणि मामंजींना नागीण झालीय. जाऊबाई म्हणतात माहेरी जा. जाऊ का?

कडीपत्ता: तुला कांजिण्या झाल्या होत्या का? नागिणीपासून दुसऱ्याला नागीण लागत नाही. पण ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत, लसही नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत फोड झाकायचे, टॉवेल वेगळा. तुझ्या डॉक्टरांना आजच फोन कर, रक्त तपासूनही कळतं.

मोगरा_७: आईला विचारलं. दुसरीत असताना झाल्या होत्या, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं म्हणाली. डॉक्टरांनाही विचारते. खूप बरं वाटलं ताई.

भाकरतुकडा: कडुनिंब म्हटलं की मला पाडव्याची चटणी. आमच्याकडे ओवा, चिंच, गूळ, हरभऱ्याची डाळ. तुमच्यात हिंग घालतात का?

आंबेमोहर: घालतात तर! जिरंही.

सातबारा: @रानजाई काकूंना जुन्या मऊ धोतराचा सैल सदरा शिवून द्या. आज्जीला तेवढंच सहन व्हायचं.

रानजाई: शिवते. गोळ्या कालच सुरू झाल्या. सासूबाईंनाही समजावलं, त्या आता काकूंना वेळेवर जेवायला वाढतायत.

पैठणकर: लसीचं कुणी लिहिलं नाही. शिंग्रिक्स २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, पण आम्ही दोघांनी घेतली. हात दोन दिवस ठणकला, थोडी कणकण आली.

भाकरतुकडा: एकदा नागीण होऊन गेली असेल तर?

पैठणकर: तरी घेता येते, पुन्हा होऊ शकते ना. पुरळ पूर्ण बरं होऊ द्यायचं, मग डॉक्टरांना विचारून.

भाकरतुकडा: आत्याला मधुमेह आहे, तिला चालेल का?

कडीपत्ता: हो, त्यात जिवंत विषाणू नसतो. तरी तिची औषधांची चिठ्ठी घेऊनच जा.