मदत हवी आहे: चुंबकीय बलरेषा एकमेकींना छेदतात का?

नमस्कार. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात सातवीला विज्ञान शिकवतो. सध्या चुंबकीय बलरेषा सुरू आहेत. लोखंडी टेबल टाळून ओसरीत लाकडी पाटावर कागद चिकटवला, पट्टीचुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे केला आणि पोरांना छोट्या होकायंत्राने ठिपक्याला ठिपका जोडत रेषा काढायला लावल्या. रेषा सुरेख आल्या. पण चुंबकाच्या मध्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक जागा अशी निघाली, की सुई तिथे कुठेही तोंड करून थांबते. भोवतालच्या रेषा पुढे वाढवल्या तर फुलीच होते. एक मुलगी म्हणाली, "सर, पुस्तकात तं छेदत नाही म्हणते, अन् इथं तं कापून रायल्या न जी!"

तिथे चुंबकाचं क्षेत्र दक्षिणेकडे, पृथ्वीचं उत्तरेकडे, दोन्ही सारखी, म्हणून वजाबाकी होते हे ठाऊक आहे. रेषा छेदल्या तर सुईला एकाच जागी दोन दिशा दाखवाव्या लागतील, हेही सांगितलं. तिचं समाधान नाही. इतका चांगला प्रश्न दाबून पुढे जायचं नाही मला. काय सांगू?

प्रतिसाद १
सर, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. सुई तिथे दोन दिशा दाखवत नाही, एकही दाखवत नाही. आडवं क्षेत्रच शून्य, मग रेषा कशाच्या आधारे काढणार? फुलीचा मधला भाग पोरांनी अंदाजाने जोडलाय.

पण खरी गोष्ट कागदाबाहेर आहे. होकायंत्राची सुई फक्त आडवी फिरते. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे जाताना जवळपास 30 अंश जमिनीत झुकतं. चुंबकाने त्यातला आडवा भाग खोडला, उभा तसाच राहिला. म्हणजे त्या बिंदूवर रेषा आहेच, ती कागद भेदून सरळ खाली जाते. कोणाला छेदत नाही.

धागाकर्ता
वा! पटलं. हा झुकाव पोरांना दाखवता येईल का? शाळेत तसं उपकरण नाही.

प्रतिसाद १
येईल. शिवणाची सुई मधोमध दोऱ्याने बांधून अगदी आडवी तोला आणि गाठीवर मेणाचा थेंब टाका, नाहीतर गाठ सरकते. मग चुंबक एकाच दिशेने सुईवरून बऱ्याचदा घासा. पुन्हा टांगली की ती उत्तर-दक्षिण वळेल आणि उत्तरेकडचं टोक खाली जाईल. पंखा तेवढा बंद ठेवा.