प्रतिसाद: पासपोर्टावरच्या सह्या म्हणजे प्रवासाची संमती नव्हे

मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडिलांनी सह्या केल्या, म्हणजे त्याच्या परदेश प्रवासाच्या संमतीचा प्रश्न मिटला, असं वरच्या लेखात म्हटलंय. तसं नाही. परिशिष्ट डी, म्हणजे मुलाच्या पासपोर्ट अर्जाला जोडायचं आईवडिलांचं घोषणापत्र, त्यावरच्या सह्या अठरा वर्षांखालच्या मुलाला पासपोर्ट मिळावा एवढ्यापुरत्याच असतात. पुढच्या प्रत्येक प्रवासाची परवानगी त्यात येत नाही, ती ज्या देशात जायचं तिथले अधिकारी वेगळी मागू शकतात.

माझी भाची सोळाव्या वर्षी एकटीच लंडनला मावशीकडे गेली. पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात काम झालं तेव्हा ताईला वाटलं, आता फक्त तिकीट. पण ब्रिटनच्या व्हिसासाठी आईवडिलांचं लेखी संमतीपत्र लागलं. त्यात मावशीचा पत्ता, नातं, मुलगी तिथे कोणाकडे राहणार, सगळं. भावजी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते, त्यांच्या सहीसाठी आठवडा गेला. आणि हे नक्की लक्षात ठेवा: मूल एकटं जाणार की कोणाबरोबर, हे अर्जातच सांगावं लागतं. आजोबांचं नाव देऊन ऐनवेळी काकांबरोबर पाठवलंत, तर तिथे उतरल्यावर मुलाला अडवू शकतात. मूल बिचारं परक्या विमानतळावर घाबरून जाईल. म्हणून संमतीपत्राची एक प्रत मुलाच्या हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात नको.